क्रूझवरच्या डिनरला काय घालायचं? फॉर्मल नाइटचे बदललेले नियम आणि बॅगेची तयारी

सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग झालं की टूर कंपनीकडून सामानाची यादी येते आणि तिच्यात मध्येच एक ओळ असते: ‘फॉर्मल ड्रेस – १’. तेवढ्या ओळीवर कुणी लगबगीनं नवा सूट शिवायला टाकतं, तर कुणी ‘सुट्टीवर कसला कोट?’ म्हणत चार टी-शर्ट कोंबतं आणि ऐन रात्री मोठ्या डायनिंग रूमच्या दारातून बुफेकडे वळवलं जातं. दोन्ही टाळता येतं. नियम तसे फार नाहीत. फक्त ते प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच सैल झाले आहेत. त्यामुळे २०१० साली जाऊन आलेल्या काकांचा सल्ला प्रेमानं ऐकावा, पण बॅग त्यावर भरू नये.

आधी तुमच्या कंपनीचा शब्द शोधा

ठेवणीतले कपडे घालायच्या रात्रीला प्रत्येक कंपनीनं आपापलं नाव दिलंय, आणि त्या नावातच नियम किती कडक आहे याचा अंदाज असतो.

सगळ्यात कडक अजूनही ब्रिटनची क्युनार्ड कंपनी. तिची ‘क्वीन मेरी २’ ही बोट साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर सात रात्रींत कापते आणि त्यात सहसा दोन गाला रात्री असतात, एक ‘ब्लॅक अँड व्हाइट’ आणि एक मुखवट्यांची ‘मास्करेड’. पुरुषांनी टक्सिडो (सॅटिनच्या पट्टीचा रात्रीचा खास सूट) किंवा गडद सूट, त्यावर बो-टाय किंवा साधा टाय. बायकांनी ईव्हनिंग गाउन, कॉकटेल ड्रेस किंवा चांगला ट्राउझर सूट. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे राष्ट्रीय पोशाख या नियमात स्पष्टपणे बसतो. स्कॉटिश माणूस किल्ट घालून येतो, तसा तुम्ही बंदगळा घालून जायचा. बाकीच्या रात्रीही संध्याकाळी सहानंतर शॉर्ट्स, फाटकी जीन्स आणि पुरुषांचे बिनबाह्यांचे टी-शर्ट मुख्य भागात चालत नाहीत.

प्रिन्सेसनं ‘फॉर्मल’ हा शब्द टिकवलाय. ७ ते १३ रात्रींच्या सफरीत दोन, १४ ते २० रात्रींच्या सफरीत तीन अशा रात्री ठरतात. अलास्काला जाणारी बरीच मराठी मंडळी याच जहाजांवर असतात. कागदावर इथे सूट किंवा जॅकेट आहे, प्रत्यक्षात नुसत्या फुल शर्ट-पँटवर बसलेली माणसंही दिसतात. हॉलंड अमेरिकानं ‘गाला नाइट’चं नाव बदलून ‘ड्रेसी’ केलं. सेलिब्रिटीनं २०१५ च्या डिसेंबरात फॉर्मल नाइट बंद करून ‘ईव्हनिंग शिक’ आणली. तिथे टाय सक्तीचा नाही, कोटही ऐच्छिक, डिझायनर जीन्ससुद्धा चालते. कार्निव्हलकडे ‘क्रूझ एलिगंट’ आहे. २ ते ५ दिवसांच्या सफरीत एक रात्र, ६ किंवा जास्त दिवसांच्या सफरीत दोन. ब्रिटनच्या पी अँड ओनं ‘ब्लॅक टाय’ (म्हणजे टक्सिडो आणि बो-टायचा पोशाख) ऐवजी ‘सेलिब्रेशन नाइट’ असं नाव घेतलं. सिंगापूरहून तीन-चार रात्रींसाठी बरेच भारतीय रॉयल कॅरिबियन घेतात. तिथे बहुधा एकच सजायची रात्र असते आणि टक्सिडोची कुणी अपेक्षा करत नाही.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन. त्यांनी २००० सालीच ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ म्हणून ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सक्तीचा पोशाख हे सगळं एका फटक्यात काढून टाकलं. एखादी रात्र नटायची असते, तीही हौस असेल तर. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर फॉर्मल नाइट नाहीच. व्हर्जिन व्हॉयेजेसवर ड्रेस कोड नाही, पण ‘स्कार्लेट नाइट’ला सगळं जहाज लाल कपड्यांत उतरतं, तेव्हा एक लाल कुर्ता किंवा लाल ओढणी असू द्या. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियावर कोट-टायची गरज नाही. नीटनेटका शर्ट किंवा कुर्ता पुरतो.

हे सैल का झालं? विमानाची बॅग हे पहिलं कारण. इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी २३ किलोची एक बॅग, स्वस्त विमान कंपन्यांकडे १५ किलोच, त्यात कोट, गाउन आणि दोन जोड बूट कुठे बसवायचे? दुसरं म्हणजे मुलंबाळं घेऊन येणारी कुटुंबं वाढली. तिसरं कारण जहाजाच्या रचनेतच आहे. पूर्वी सगळ्यांना एकाच डायनिंग रूममध्ये ठरलेल्या वेळी जेवायला बसावं लागे. आता एकाच जहाजावर दहा-पंधरा खाण्याच्या जागा असतात. नको असलेला कोट टाळायचा तर माणूस सरळ पिझ्झाकडे जातो आणि भाड्यात धरलेली डायनिंग रूम ओस पडते. कंपन्यांना ते परवडत नाही.

नियम पाहायचा तो बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा एकदा, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर. ‘काय घालावं’ या अर्थाचं पान तिथे असतंच. टूर कंपनीची यादी सगळ्या जहाजांसाठी एकच असते, तिच्यावर विसंबू नका. फॉर्मल रात्री किती, त्यातली कुठली ठरावीक रंगाची किंवा थीमची, आणि जीन्स चालते का, एवढ्या तीन गोष्टी त्या पानावरून टिपून घ्या.

कोणत्या रात्री, आणि जहाजाच्या कोणत्या भागात

जुन्या बोटींच्या काळात पहिल्या वर्गातले प्रवासी रोज रात्री सजून जेवायला येत, अपवाद फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचा. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. तो संकेत आजही जिवंत आहे, आणि कारणही तेच आहे: पहिल्या संध्याकाळी बॅगा केबिनपर्यंत यायला रात्रीचे आठही वाजू शकतात, आणि शेवटच्या रात्री त्या केबिनबाहेर ठेवून द्यायच्या असतात. म्हणून फॉर्मल नाइट सहसा समुद्रातल्या दिवशी येते, ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही आणि तयार व्हायला दुपार मोकळी असते. सात रात्रींच्या सफरीत दुसरी रात्र आणि पाचवी किंवा सहावी, असा साधारण हिशेब. पण हवामानामुळे एखादं बंदर वगळलं गेलं तर रात्रही पुढे-मागे सरकते. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणारं कार्यक्रमपत्रक किंवा जहाजाचं अॅप हाच शेवटचा शब्द.

दुसरा गैरसमज असा, की त्या रात्री जहाजभर कोट घालून फिरावं लागतं. तसं नाही. नियम प्रामुख्यानं मुख्य डायनिंग रूमला आणि काही कंपन्यांत जादा पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटना लागू होतो. बुफे, पूलजवळचं ग्रिल आणि केबिनमध्ये मागवलेलं जेवण याला कसलाच कोट लागत नाही. क्युनार्डवर मात्र गाला रात्री बार आणि नाचाचा हॉलसुद्धा नियमात येतात. ‘क्वीन मेरी २’वर ज्यांना सजायचं नाही त्यांच्यासाठी किंग्ज कोर्ट बुफे, गोल्डन लायन पब आणि कारिंथिया लाउंज अशा थोड्या जागा राखलेल्या आहेत. ज्यांना कोटाचा मनापासून तिटकारा आहे त्यांनी क्युनार्ड घेऊच नये हे बरं. सात रात्रींतल्या दोन रात्री पबमध्ये बसून काढायच्या, तर त्या जहाजाचे जादा पैसे मोजले कशासाठी?

घड्याळही पाहा. डायनिंग रूममध्ये जेवणाच्या ठरलेल्या दोन बैठका असतात, त्यातली पहिली साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला असते. पहिली बैठक घेतली असेल तर फॉर्मल नाइटच्या दिवशी चार वाजताच आवरायला लागायचं. एका केबिनमध्ये दोघं, बाथरूम एक, त्यात साडी. दीड तास धरा. आपल्याकडच्या जेवणाच्या सवयीला दुसरी बैठक जास्त मानवते, आणि साडी नेसायलाही वेळ मिळतो. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवण हवं असेल तर हेड वेटरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. फॉर्मल नाइटला डायनिंग रूम सगळ्यात भरलेली असते आणि ऐन वेळी मागितलेलं ताट शेवटी येतं.

पुरुषांसाठी: टक्सिडो जवळजवळ कधीच लागत नाही

एका क्रूझसाठी टक्सिडो विकत घेऊ नका. क्युनार्डच्या गाला रात्रीलाही गडद सूट आणि टाय चालतो. बाकी सगळीकडे त्याहून कमी पुरतं.

सूट घ्यायचाच तर नेव्ही किंवा कोळशी राखाडी रंगाचा घ्या. काळा सूट दिवसा वापरता येत नाही. नेव्हीचं जॅकेट मात्र बेज पँटवर स्मार्ट कॅज्युअल (म्हणजे नीटनेटक्या पण साध्या पोशाखाच्या) रात्रीलाही जातं, म्हणजे एका जॅकेटमध्ये चार संध्याकाळी निघतात. कापड लोकरीचं, चौरस मीटरला २५० ते २८० ग्रॅमचं घ्यावं. ते बॅगेतून काढून टांगलं की रात्रभरात आपोआप सरळ होतं. लिनन जहाजावर नेऊ नये. डायनिंग रूमच्या खुर्चीवर पोचेपर्यंतच त्याचा चोळामोळा होतो.

बंदगळा हा आपल्याकडचा सगळ्यात सोपा उपाय. काळा किंवा गर्द निळा जोधपुरी बंदगळा, त्याच रंगाची पँट, काळे बंद बूट. टाय नाही, कफलिंक्स नाहीत, कॉलर टोचत नाही, आणि कुठल्याही कंपनीच्या नियमात तो बसतो. भरजरी शेरवानी चालते, पण ती दोन किलोंच्या घरात जाते आणि खुर्चीत बसून चार कोर्सचं जेवण जेवताना गळ्याशी येते. कुर्ता-पायजम्याबाबत थोडं जपून. पातळ पांढरा सुती कुर्ता-पायजमा परदेशी वेटरला रात्रीचे कपडे वाटू शकतात. त्यावर नेहरू जॅकेट चढवलं आणि पायजम्याऐवजी चुडीदार किंवा सरळ पँट घातली की प्रश्न मिटतो. पायात कोल्हापुरी नको, बंद मोजडी किंवा बूट. उघडी चप्पल कितीही भारी असली तरी दारावरच्या माणसाला ती चप्पलच दिसते. फेटा किंवा पगडी पोशाखाचा भाग म्हणून चालते. बेसबॉल कॅप कुठेच चालत नाही.

तरीही ‘ब्लॅक टाय’ पूर्ण हौसेनं करायचाच असेल, तर भाड्यानं घ्या आणि तपशील नीट पाळा. अर्धवट टक्सिडोपेक्षा साधा सूट बरा दिसतो. जॅकेटच्या लॅपेलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या भागावर, सॅटिनची पट्टी असते, पँटच्या बाहेरच्या शिवणीवर तशीच एक फीत. त्या पँटला पट्ट्याचे लूप नसतात, म्हणून गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावायचे, कमरेचा पट्टा नाही. शर्ट पांढरा, पुढे बारीक चुण्यांचा किंवा जाड विणीचा, बाह्यांना दुहेरी कफ. दुहेरी कफला बटणं नसतात आणि नेमके कफलिंक्स घरी राहतात. ते आत्ताच बुटाच्या आत मोज्यात गुंडाळून ठेवा. कमरपट्टा, म्हणजे कमरबंद, घातलात तर त्याच्या चुण्यांची तोंडं वर यायला हवीत. बो-टाय काळा आणि आधीच बांधलेला घ्या. जहाज हलत असताना आरशासमोर गाठ शिकायची वेळ नव्हे. मोजे काळे आणि पोटरीपर्यंतचे. बसल्यावर पँट वर सरकते आणि उघडी नडगी दिसते, ही फोटोंत सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

गुळगुळीत सोलचे नवे बूट गालिच्यावर ठीक, पण जिन्याच्या पितळी कडांवर घसरतात. घरी दोन-तीन दिवस घालून फरशीवर सोल थोडे खरवडून घ्या.

साडी: कुठली, किती वजनाची, कशी नेसायची

रेशमी साडी प्रत्येक जहाजावर पूर्ण फॉर्मल आहे, याबद्दल शंका ठेवू नका. गाउन शिवायची, भाड्यानं आणायची काही गरज नाही. प्रश्न पोशाख बसेल का हा नसून तो केबिनमध्ये सांभाळायचा कसा, हा आहे.

वजनापासून सुरुवात करू. जरीच्या काठापदराची भारी पैठणी किंवा कांजीवरम किलोच्या आसपास जाते. त्यात परकर आणि ब्लाउज. दोन फॉर्मल रात्रींसाठी दोन भारी साड्या नेण्याऐवजी एक पैठणी आणि एक हलकी, म्हणजे जॉर्जेट, क्रेप किंवा टसर, असा जोड करा. हलकी साडी चुरगळत नाही आणि इतर संध्याकाळीही नेसता येते. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ रात्रीसाठी कपाटातली काळी चंद्रकळा काढा. एरवी वर्षातून एकदा संक्रांतीला बाहेर निघणारी ती साडी त्या रात्री डायनिंग रूममध्ये सगळ्यांची नजर खेचून घेते, आणि नवा खर्च शून्य. मोत्याचा तन्मणी तिच्यावर शोभतोच, शिवाय दुसऱ्या रात्री पैठणीवरही चालतो.

मास्करेडसाठी मुखवटा घरूनच न्यावा, जहाजावरच्या दुकानात त्याचे अवाच्या सवा पैसे पडतात. काठीवर धरायचा मुखवटा घ्या. रबराचा अंबाड्याला अडकतो आणि चष्मा असेल तर बसतच नाही.

नेसायची तयारी घरीच अर्धी उरकून ठेवावी. आतल्या केबिनचं क्षेत्रफळ साधारण १५० ते १८० चौरस फूट, त्यातला निम्मा पलंग. तिथे साडेपाच मीटर साडी पसरून निऱ्या घालायला जागाच नसते. म्हणून घरी ज्या चपला किंवा सँडल नेणार त्या घालून उभं राहा आणि साडी पूर्ण नेसा. काठ जमिनीपासून बोटभर वर राहील अशी लांबी ठरवा. फरशीला टेकणारी साडी जहाजावर पायात येते. मग निऱ्यांना वरून चार बोटांवर एक मोठी पिन आणि गुडघ्याच्या उंचीवर एक क्लिप लावा. पदराच्या चुण्या खांद्यापाशी पिन करून टाका. साडी उतरवताना या पिना तशाच ठेवून ती निऱ्यांच्या रेषेत लांब घडी घाला आणि मलमलच्या पंच्यात गुंडाळी करा. घट्ट चौकोनी घडी नको, जरीची तार नेमकी घडीच्या रेषेवर तुटते. जहाजावर ही साडी पाच-सात मिनिटांत नेसून होते. पिना नेसताना तपासा आणि जरीत रुतलेली ओढून काढू नका, उलट दिशेनं सोडवा.

परकर सुती घ्या. सॅटिनच्या परकरावर रेशमी साडी सटकते, आणि हलणाऱ्या जहाजात तर जास्तच. नाडी नवी घाला. पिना दहा-बारा न्या, कारण त्या कुठे पडतात हे कुणालाच कळत नाही.

पायात अडीच इंचांहून उंच टाच नको, आणि तीही रुंद. लांब कॉरिडॉरमध्ये जहाज जरा डुललं की पेन्सिल हील घालणाऱ्या बायका भिंतीचा कठडा धरून चालताना दिसतात. डेकवर उघडणाऱ्या दारांना वीतभर उंच लोखंडी उंबरा असतो, तिथे निऱ्या उचलून पाय टाका. ही दारं जड असतात आणि वाऱ्यानं धाडकन मिटतात, त्यात पदर सापडल्याशिवाय राहत नाही. वारा असेल तर पदर पुढे घेऊन कमरेला खोचा, नाहीतर डेकवर फोटो काढायचा मोह आवरा. आत डायनिंग रूममध्ये एसी चांगलाच थंड असतो, खांद्यावर घ्यायला पातळ शाल लागतेच.

नऊवारी चालेल का? अगदी खुशाल. फक्त केबिनच्या बाथरूमचा विचार आधी करून ठेवा. शिवलेली नऊवारी त्या दृष्टीनं सोयीची.

गजरा मात्र मोगऱ्याचा नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बंदरांवर ताजी फुलं-पानं घेऊन उतरणं म्हणजे तपासणीला आमंत्रण. कापडी गजरा न्या. खरे दागिने नेणार असाल तर भारतातून निघताना विमानतळावर कस्टमकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना ‘हे तिकडेच घेतलं’ असा वाद होत नाही. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचावं लागतं. एवढं नको असेल तर मोती आणि एक ग्रॅमचे दागिने न्या. फोटोत फरक कळत नाही.

पंजाबी ड्रेस, अनारकली, लांब कुर्ता आणि पलाझो हेही फॉर्मल रात्रीला चालतात, कापड रेशमी किंवा जरीचं असेल तर. रोजचा सुती कुर्ता आणि लेगिंग्ज स्मार्ट कॅज्युअलला ठेवा.

इस्त्रीचं काय?

प्रवासी इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीनं जवळजवळ सगळ्या कंपन्या इस्त्री आणि वाफेचा स्टीमर या दोन्हींवर बंदी घालतात. बॅग जहाजावर चढताना इस्त्री एक्स-रेमध्ये दिसते, काढून घेतली जाते आणि सफर संपल्यावर परत मिळते. तुमची बॅग केबिनपाशी आली नाही आणि शेजारच्यांची आली, तर बहुतेक वेळा कारण हेच: ती सुरक्षा विभागात पडलेली असते, जाऊन तुमच्यासमोर उघडावी लागते. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजनाची वात आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबातल्या चढ-उतारापासून वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेंशन बोर्डही याच यादीत आहेत.

क्युनार्ड आणि प्रिन्सेसवर प्रवाशांसाठी लॉन्ड्री रूम असते, तिथे इस्त्री आणि टेबल मिळतं. फॉर्मल नाइटच्या दुपारी चारनंतर तिथे रांग लागते, सकाळी नाश्त्याच्या वेळी जा. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर अशी खोली नाही. कपडे केबिन अटेंडंटकडे द्यायचे, प्रत्येक नगाचे पैसे लागतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी मिळतात. म्हणजे दुसऱ्या रात्रीच्या फॉर्मलसाठी पहिल्याच संध्याकाळी द्यायला हवेत.

सगळीकडे सांगितली जाणारी युक्ती म्हणजे गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूममध्ये कपडे टांगायचे. लोकरीच्या जॅकेटला आणि जॉर्जेटला ती लागू पडते, दहा मिनिटं पुरतात. पैठणीला अजिबात करू नका. रेशमावर पाण्याचे थेंब पडले की डाग राहतात आणि ओलसर हवेत जरीची तार काळवंडते. पैठणीला इस्त्री करायचीच तर उलट्या बाजूनं, वर सुती रुमाल टाकून, सगळ्यात कमी उष्णतेवर. जरीवर अत्तर किंवा डिओ फवारू नका, आधी मारा आणि वाळल्यावर नेसा.

बॅग कशी भरायची

जॅकेट घडी करण्याची रीत अशी. एक खांदा पूर्ण उलटा करून आतली बाजू बाहेर आणा, दुसरा खांदा सरळच ठेवून तो पहिल्याच्या आत सरकवा. आता जॅकेट उभं दुमडलेलं आणि अस्तर बाहेर अशा अवस्थेत येईल. खांद्याच्या पोकळीत एक-दोन मोज्यांच्या जोड्या ठेवा, मधोमध एक टी-शर्ट गुंडाळून घाला आणि त्यावर जॅकेट आडवं दुमडा. ड्रायक्लीनिंगची प्लॅस्टिक पिशवी बाहेरून चढवली की कापडाला कापड घासत नाही आणि सुरकुत्या कमी पडतात. हे सगळ्यात वर ठेवायचं, तळाशी नाही.

दोघांच्या सात रात्रींना पुरतं ते एवढंच: पुरुषाला एक जॅकेट किंवा बंदगळा, दोन पँट, तीन फुल शर्ट, एक टाय, एक जोड काळे बूट, बाईला दोन साड्या, दोन परकर, दोन ब्लाउज, एक पंजाबी ड्रेस, एक शाल, एक जोड सँडल. हे डिनरचं. बंदरावर फिरायचे कपडे वेगळे.

फॉर्मलचा संच मोठ्या बॅगेत नको, विमानातल्या हातातल्या बॅगेत ठेवा. बॅग विमान कंपनीकडे अडकली तर ती पुढच्या बंदरावर गाठते आणि तोवर दुसरी रात्र होऊन गेलेली असते. तसं झालंच, तर डायनिंग रूमच्या प्रमुखाला दुपारीच जाऊन सांगा. बॅग हरवलेल्या माणसाला सहसा कुणी दारातून परत पाठवत नाही. न सांगता जीन्समध्ये दारात उभं राहिलात तर मात्र नियम ऐकून घ्यावा लागतो.

केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक चिकटतात. चार-सहा हुक नेले की कपाटात न मावणारी साडी, गाउन, जॅकेट बाहेर टांगता येतं. कपाटातले हँगर कमी असतात, अटेंडंटकडे मागितले की मिळतात.

लहान मुलांवर कुणी कोट लादत नाही. शर्ट, पूर्ण पँट आणि बंद बूट एवढं पुरे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची खरी अडचण पांढऱ्या स्पोर्ट्स शूजची असते. काळे लोफर एकदा घ्या, कॉलेजलाही चालतील.

फॉर्मल नाइटला जिन्यापाशी आणि मधल्या हॉलमध्ये फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. फोटो काढायला पैसे नाहीत, विकत घेतला तरच. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी जा. जेवणानंतर निऱ्या ढिल्या होतात, टाय सैल होतो आणि रांगही लांबते.

शेवटच्या रात्री बॅगा साधारण अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायला सांगतात. रात्रीत त्या खाली नेल्या जातात आणि सकाळी थेट बंदरावरच्या हॉलमध्ये दिसतात. त्याआधी दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, बूट, आतले कपडे आणि औषधं एका छोट्या पिशवीत बाजूला काढा. बूट विसरण्याचं प्रमाण मोठं आहे. दरवेळी कुणीतरी केबिनमधले कापडी स्लिपर घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभं असतंच.